जखमी खेळाडूचा निर्णय कोणाचा?

इटलीतील कोर्तिना दांपेत्सो येथील बर्फाच्या उतारावर ८ फेब्रुवारी २०२६ रोजी जे घडले, ते पाहून बर्फावरील खेळांशी ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशा आपल्याकडील कित्येक घरांतही वाद माजला. अमेरिकेच्या लिंडसे व्हॉन या एकेचाळीस वर्षांच्या स्कीपटू हिवाळी ऑलिंपिकमधील डाउनहिल शर्यतीस उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या उजव्या गुडघ्यात धातूचा कृत्रिम भाग होता आणि डाव्या गुडघ्यातील लिगामेंट जेमतेम नऊ दिवसांपूर्वी, ३० जानेवारीस, स्वित्झर्लंडमधील क्रान-मोंताना येथील शर्यतीत पडून तुटलेले होते. तशा गुडघ्यास आधारपट्टा बांधून त्या निघाल्या. ज्या शर्यतीत ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने खाली यावयाचे, तेथे अवघ्या तेरा सेकंदांत त्या कोसळल्या. त्यांस हेलिकॉप्टरने उचलून न्यावे लागले. डाव्या पायाचे हाड मोडले होते आणि त्यावर पुढे अनेक शस्त्रक्रिया झाल्या. सुवर्णपदक त्यांच्याच देशाच्या ब्रीझी जॉन्सन यांनी मिळविले, पण त्या दिवशीच्या जगाच्या बोलण्यात विजेतीपेक्षा पडलेलीच अधिक होती.

अशा प्रसंगी मते द्यावयास पैसे पडत नाहीत. कोणी या कृत्यास वेडेपणा म्हटले, कोणी हट्ट म्हटले, तर कोणी व्हॉन यांना वीरांगनेच्या पंक्तीस नेऊन बसविले. आम्हांस या दोन्ही पक्षांविषयी एकच शंका आहे. त्या शर्यतीत पदक मिळाले असते, तर या मंडळींपैकी किती जणांनी आपल्या जागा बदलल्या असत्या? निकाल पाहून निर्णयाची परीक्षा करणे हा आपल्या सर्वांचा जुना दोष आहे. पीक बुडाले म्हणजे पेरणीच्या दिवशीचे आभाळ काळे होते असे सर्वांस आठवू लागते. व्हॉन यांनी नंतर स्वतःच सांगितले की, आपण दाराच्या फार जवळून गेलो, हात अडकला आणि तोल गेला. आधीच्या दुखापतीचा त्याच्याशी संबंध नव्हता, आणि आपल्याला पश्चात्तापही नाही. त्यांचे म्हणणे बरोबर असेल वा नसेल. धडधाकट गुडघ्याची स्त्री त्याच वळणावर सावरली असती काय, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. म्हणून प्रश्न शर्यतीच्या आदल्या दिवशी काय ठाऊक होते, एवढ्यापुरताच विचारावयास हवा.

आदल्या दिवशी ठाऊक होते ते असे. डिसेंबर २०२५ मध्ये सेंट मॉरिट्झ येथे विश्वचषकातील डाउनहिल जिंकून या बाईंनी आपले पुनरागमन ही केवळ हौस नाही हे दाखवून दिले होते. त्या मोसमाच्या डाउनहिल गुणतक्त्यात त्या अग्रभागी होत्या. दुखापतीनंतर सरावासाठी त्या त्याच उतारावरून खाली आल्या होत्या आणि सुखरूप आल्या होत्या. दुखापत काय आहे हे त्यांनी जगापासून लपविले नव्हते. दुखापतींच्या बाबतीत तर त्यांच्याएवढा अनुभव एखाद्या अस्थिरोगतज्ज्ञाच्याच गाठी असावयाचा! २०१० सालच्या व्हँकुव्हर ऑलिंपिकचे सुवर्णपदकही त्यांनी दुखऱ्या नडगीवरच जिंकले होते. शिवाय या शर्यतीत उतारावर एका वेळी एकच स्पर्धक असतो. आपण पडलो तर दुसऱ्यावर पडू, असा प्रकार तेथे नाही. त्यांनी एखाद्या निरोगी खेळाडूची जागा अडविली, हा आक्षेप वरवर सयुक्तिक दिसतो खरा, पण जागा वेगाने मिळवावयाची असते, आणि ती त्यांनी मिळविली होती. प्रौढ, सर्व काही जाणणारी, दुसऱ्यास धोका न देणारी व्यक्ती आपल्या शरीराविषयी जो निर्णय घेते तो आपल्याला पटो वा न पटो, तो घेण्याचा तिचा अधिकार आहे, असे आम्ही मानतो. एकेचाळीसाव्या वर्षी पुढच्या ऑलिंपिकची वाट पाहा, हा सल्ला देणाऱ्याने पंचांगाकडेही एकदा पाहावयास हवे होते.

येथवर प्रश्न सोपा आहे. पण येथे जो अधिकार आम्ही मान्य केला, त्याची प्रत्येक अट महत्त्वाची आहे. त्यांतील एक जरी ढळली तरी ‘खेळाडूचीच तशी इच्छा होती’ हे वाक्य दुसऱ्या कोणाच्या तरी दोषावर घालावयाचे पांघरूण होते.

महाभारतातील कर्णाची गोष्ट वाचकांस ठाऊक आहे. गुरू परशुराम मांडीवर डोके ठेवून निजलेले. किड्याने मांडी पोखरली, रक्त वाहू लागले, तरी गुरूंची झोपमोड होऊ नये म्हणून कर्ण हलला नाही. शाळेत ही गोष्ट आपण सहनशीलतेचा धडा म्हणून शिकलो आणि आम्ही ती तशीच शिकविलीही. त्या सहनशीलतेबद्दल कर्णास मिळाला तो शाप, हा गोष्टीचा उत्तरार्ध मात्र धडा म्हणून सहसा कोणी समजावून देत नाही. गुरूच्या झोपेसाठी शिष्याने रक्त सांडावे काय, हा प्रश्न तर आमच्या वर्गात कधी कोणी विचारलाच नाही.

१९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये केरी स्ट्रग ही अठरा वर्षांची मुलगी अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघात होती. सांघिक स्पर्धेचा शेवटचा टप्पा, व्हॉल्टचा. तिच्या आधी डॉमिनिक मोचेआनू ही चौदा वर्षांची मुलगी दोन्ही उड्यांत बसकण मारून पडली होती. तिच्याही नडगीच्या हाडास चीर होती, पण ती खेळत होती. मग स्ट्रग धावली, उडाली, पडली, आणि तिचा घोटा दुखावला. दुसरी उडी उरली होती. प्रशिक्षक बेला कारोली बाजूने ओरडून तिला उत्तेजन देत होते. ती लंगडत परत गेली, धावली, उडाली, दोन्ही पायांवर उतरली, क्षणभर एका पायावर उभी राहिली, पंचांना अभिवादन केले आणि गुडघ्यांवर कोसळली. गुण ९.७१२. अमेरिकेच्या मुलींना इतिहासातील पहिले सांघिक सुवर्ण मिळाले. कारोलींनी तिला दोन्ही हातांवर उचलून विजयमंचाकडे नेले. ते छायाचित्र जगभर छापले गेले. आमच्यासारख्यांच्या डोळ्यांतही तेव्हा पाणी आले होते, हे लपविण्यात अर्थ नाही.

पुढे हिशेब झाला तेव्हा दिसून आले ते असे की, ती दुसरी उडी नसती तरीही सुवर्ण अमेरिकेलाच मिळाले असते. त्या क्षणी हे कोणास निश्चित ठाऊक नव्हते, हे कबूल. रशियाच्या मुलींचे फ्लोअरवरील खेळ अजून संपावयाचे होते. पण आकडेमोड करण्याची जबाबदारी कोणाची होती? घोटा फुगलेल्या, कान बधिर करणाऱ्या आरोळ्यांत उभ्या असलेल्या, लहानपणापासून आज्ञापालनाखेरीज दुसरे काही न शिकलेल्या मुलीची? वैयक्तिक स्पर्धांसाठी तिची निवड झाली होती. त्या सगळ्यांवर तिला पाणी सोडावे लागले. आणि त्या काळी अमेरिकन जिम्नॅस्टिक्सच्या वैद्यकीय व्यवस्थेत जो लॅरी नासर होता, त्याला मुलींवरील अत्याचारांबद्दल जानेवारी २०१८ मध्ये चाळीस ते एकशे पंचाहत्तर वर्षांची शिक्षा झाली. ज्यांनी ‘थांब’ म्हणावयाचे, त्यांच्यापैकी कोणीही मुलींच्या बाजूचा नसेल, तेथे मुलीच्या ‘मी उडी मारते’ या म्हणण्यास संमती हे नाव देताना आमची लेखणी अडखळते.

पंचवीस वर्षांनंतर, २७ जुलै २०२१ रोजी, टोकियो येथे त्याच देशाच्या, त्याच खेळातील सिमोन बाइल्स यांनी सांघिक अंतिम स्पर्धेत एक व्हॉल्ट केला, हवेत आपण कोठे आहोत याचे भान सुटत आहे हे ओळखले आणि त्या बाजूला झाल्या. संघाला रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. त्यांच्यावर पळपुटेपणाचा आरोप करणारे थोडे नव्हते. हवेत उलटसुलट गिरक्या घेणाऱ्याचे भान सुटले तर तो मानेवर पडतो, एवढे साधे ज्ञान त्या टीकाकारांस नसावे. २०२४ मध्ये पॅरिस येथे पोटरी दुखत असतानाही त्याच बाईंनी खेळून तीन सुवर्णपदके जिंकली. तेव्हा थांबण्याचा आणि खेळण्याचा, दोन्ही निर्णय एकाच व्यक्तीने घेतले. दोन्ही वेळी निर्णय घेणारी तीच होती, आणि आम्हांस त्याचे महत्त्व अधिक वाटते.

येथे एक कबुली देणे आम्हांस प्राप्त आहे. वृत्तपत्राच्या कचेरीत येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शिक्षकाची नोकरी केली. आंतरशालेय खो-खोच्या एका सामन्यात आमच्या संघातील सर्वांत चपळ मुलाचा पाय मुरगळला. तो आमच्याकडे आला आणि ‘सर, खेळू ना?’ असे त्याने विचारले. त्याला ‘नको’ ऐकावयाचे होते, हे आज कळते. आम्ही पायास पट्टी बांधली आणि पाठीवर थाप दिली. सामना आम्ही जिंकलो. ढाल बरीच वर्षे मुख्याध्यापकांच्या खोलीत होती. तो मुलगा त्यानंतर मैदानावर फारसा दिसला नाही. त्याने आम्हांस कधी दोष दिला नाही, आणि त्यामुळेच ती गोष्ट मनातून गेली नाही.

आपल्या देशात या विषयाची चर्चा निघाली की अनिल कुंबळे यांचे नाव आल्यावाचून राहत नाही. मे २००२, अँटिगा. मर्व्हिन डिलन यांचा चेंडू तोंडावर बसून जबडा मोडला, तरी कुंबळे काही वेळ फलंदाजी करीत राहिले. आणि पुढे डोक्यापासून हनुवटीपर्यंत पट्टी गुंडाळून गोलंदाजीस उतरले. चौदा षटके टाकली, ब्रायन लारांना पायचीत केले, आणि मग शस्त्रक्रियेसाठी बंगलोरचे विमान गाठले. सामना अनिर्णित राहिला. त्या सामन्यात भारताच्या अकराही खेळाडूंनी गोलंदाजी केली, यष्टिरक्षक अजय रात्रा यांनीसुद्धा, एवढा तो निकालाच्या दृष्टीने निरस होता. तरीही लारांना बाद केल्यानंतरचे ते पट्टी बांधलेले मुख भारतीय क्रिकेटच्या इतिहासात कोरले गेले. आपण घरी जाऊ तेव्हा शक्य ते सारे केले एवढे समाधान असेल, अशा आशयाचे कुंबळे तेव्हा बोलले होते.

या प्रसंगाचे कौतुक आम्हीही करतो, पण त्याचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. वेदना सोसणे आणि इजा वाढविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कुंबळे यांचा जबडा शस्त्रक्रियेनेच जुळावयाचा होता. लेगस्पिन टाकावयास लागतात ते खांदा, मनगट आणि बोटे, आणि ती शाबूत होती. दुसरा चेंडू तोंडावर बसण्याचा संभव गोलंदाजी करताना थोडा. म्हणजे त्यांनी मोजली ती किंमत मुख्यतः वेदनेची होती. नीरज चोप्रा यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये ब्रुसेल्स येथे डाव्या हाताचे हाड मोडले असताना भालाफेक केली आणि ८७.८६ मीटरवर, अवघ्या एका सेंटिमीटरने, अँडरसन पीटर्स यांच्यामागे दुसरे स्थान मिळविले. भाला उजव्या हाताने फेकावयाचा असतो. तेथेही हिशेब जवळपास हाच होता.

उलट राफाएल नदाल यांचे उदाहरण घ्या. २०२२ मध्ये पॅरिस येथील चौदावे विजेतेपद त्यांनी पायाच्या मज्जातंतूत इंजेक्शने घेऊन, पाऊल बधिर करून मिळविले. आपल्याला असे पुन्हा करावयाचे नाही, हे त्यांनी त्याच वेळी सांगितले. पुढे चार-पाच आठवड्यांत विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व सामन्यात पोटाचा स्नायू फाटला. प्रेक्षकांतून वडील व बहीण ‘सोड, बाहेर ये’ अशा खुणा करीत होते. नदाल खेळत राहिले, पाचव्या सेटमध्ये सामना जिंकला, आणि उपांत्य सामन्यातून मात्र माघार घ्यावी लागली. वेदना हा शरीराने वाजविलेला गजर आहे. तो सोसणे निराळे, आणि त्याची तार कापून टाकणे निराळे. नदाल यांच्यासारख्या छत्तीस वर्षांच्या, यशाने तृप्त झालेल्या पुरुषाने ती कापली तर तो त्यांचा प्रश्न. पण तेच इंजेक्शन घेऊन उभ्या राहणाऱ्या वीस वर्षांच्या मुलाचे काय? त्याने ते पाहून घेतले नाही, असे कोण म्हणेल?

गेल्या वर्षी इंग्लंडमध्ये आपण याच नाट्याचे दोन अंक पाहिले. जुलै २०२५ मध्ये मँचेस्टर येथे ख्रिस वोक्स यांचा चेंडू ऋषभ पंत यांच्या उजव्या पावलावर बसला, हाड मोडले. दुसऱ्या दिवशी ते लंगडत आले आणि अर्धशतक पुरे करून परतले. मालिकेतील पुढची कसोटी त्यांना खेळता आली नाही. आणि ४ ऑगस्टला ओव्हलवर, इंग्लंडला सतरा धावा हव्या असताना, निखळलेला डावा खांदा झोळीत, त्यावर स्वेटर, अशा अवस्थेत अकरावा गडी म्हणून आले ते तेच वोक्स. त्यांना एकही चेंडू खेळावा लागला नाही. गस ॲटकिन्सन यांच्यासह धावा काढताना मात्र प्रत्येक पावलागणिक चेहरा पिळवटत होता. भारताने सामना सहा धावांनी जिंकला. दोन्ही संघांचे प्रेक्षक उभे राहिले, आणि ते योग्यच झाले. पण टाळ्या वाजविताना एक गोष्ट नजरेआड झाली. त्या दोघांनाही मैदानावर आणले ते शौर्याइतकेच नियमाने. कसोटीत जखमी फलंदाजाऐवजी दुसरा फलंदाज घेता येत नव्हता. गौतम गंभीर यांनी बदली खेळाडूच्या बाजूने मत दिले, बेन स्टोक्स यांनी ही कल्पना हास्यास्पद ठरविली, आणि आपल्या मंडळाने २०२५-२६ च्या मोसमापासून देशांतर्गत अनेकदिवसीय सामन्यांत गंभीर जखमीऐवजी बदली खेळाडूची सोय केली. आम्ही या बाबतीत मंडळाच्या बाजूचे आहोत. या सोयीचा गैरफायदा घेतला जाईल, ही स्टोक्स यांची भीती खोटी नाही; परंतु लबाडीच्या भयाने मोडलेल्या पायांस धावावयास लावणे हा काही त्यावरचा इलाज नव्हे.

एका बाबतीत मात्र आम्ही खेळाडूस कोणताही अधिकार देण्यास तयार नाही, मग तो कितीही मोठा, कितीही प्रौढ असो. ती बाब म्हणजे डोके. ‘शिर सलामत तो पगडी पचास’ ही म्हण आपण उठताबसता वापरतो. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चर यांचा चेंडू स्टीव्ह स्मिथ यांच्या मानेवर बसला. ते ऐंशी धावांवर बाहेर गेले, तपासणीत उत्तीर्ण झाले, पाऊण तासाच्या आत परत येऊन बाद होईतो ब्याण्णववर पोहोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी मेंदूस बसलेल्या धक्क्याची लक्षणे दिसू लागली, आणि पुढची कसोटीही त्यांस सोडावी लागली. त्यांच्या जागी आलेले मार्नस लाबुशेन हे कसोटी क्रिकेटमधील असे पहिले बदली खेळाडू. तो नियम त्याच महिन्यात लागू झाला होता. स्मिथ यांनी फसविले नाही, डॉक्टरांनीही हयगय केली नाही. गोम अशी की, ज्या अवयवाने निर्णय घ्यावयाचा तोच अवयव जखमी असतो. मोडक्या तराजूने त्याच तराजूचे वजन कसे करावयाचे?

मुंबईकरांस नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्याविषयी वेगळे सांगावयास नको. १९५९ मध्ये लॉर्ड्सवर स्टॅथम यांच्या चेंडूने बरगड्या दुखावल्या असताना त्यांनी ८१ धावा केल्या, आणि त्या खेळीची थोरवी आजही सांगितली जाते. तीन वर्षांनी, १९६२ मध्ये, बार्बाडोस येथे चार्ली ग्रिफिथ यांच्या चेंडूने त्याच माणसाची कवटी फुटली. प्राण वाचविण्यासाठी रक्त देणाऱ्यांत प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल हेही होते. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पुढे प्रथम दर्जाचे क्रिकेटही खेळले, पण कसोटी सामना पुन्हा लाभला नाही. बरगडी आणि कवटी यांत किती अंतर आहे, हे एकाच माणसाच्या चरित्रात असे लिहिलेले आहे.

हे सारे झाले जगप्रसिद्ध खेळाडूंविषयी. त्यांच्याभोवती डॉक्टर असतात, व्यवस्थापक असतात, बँकेत शिल्लक असते. आमच्या मनात मात्र हे लिहिताना निराळीच माणसे आहेत. जत्रेच्या फडात नारळापासून लाखापर्यंतच्या इनामावर कुस्ती लढणारा मल्ल, महिन्याचा खुराक पुढच्या इनामावर अवलंबून असताना, खांदा निखळला म्हणून लांग उतरवून बसेल काय? खेळाडूंसाठी राखलेल्या नोकरीकरिता राज्य स्पर्धेचे प्रमाणपत्र हवे आणि वयाची मर्यादा उंबरठ्यावर आली, अशी कबड्डीपटू मुलगी गुडघ्यास पट्टी बांधून चढाईस जाते. ती जाते, तिला कोणी ढकलत नाही, हे खरे. व्हॉन यांच्यापुढे जशी निवड होती तशी मात्र तिच्यापुढे नसते. तिला थांबविणाराही तिच्या हिताचा ठरतोच असे नाही, कारण थांबविल्यावर येणारी बेकारी तो थोडाच वाटून घेणार!

म्हणून तिला उपदेश करण्याऐवजी, स्पर्धा भरविणाऱ्यांकडे आमच्या काही मागण्या आहेत. अठरा वर्षांखालील मुलामुलींच्या कोणत्याही स्पर्धेत, मैदानावर उपस्थित असलेल्या आणि संघाच्या वा संस्थेच्या पगारावर नसलेल्या डॉक्टरचा ‘नाही’ हा शेवटचा शब्द असावा. तेथे मुलाच्या, पालकांच्या वा प्रशिक्षकाच्या संमतीचा प्रश्नच उद्भवू नये. डोक्यास मार बसला तर हाच नियम सर्व वयांस लावावा. आणि नोकरीसाठी प्रमाणपत्राची जी मुदत असते, ती दुखापतीच्या वैद्यकीय दाखल्यावर एका मोसमाने वाढविण्याची तरतूद शासनाने करावी. यास फारसा खर्च येत नाही. शालेय स्पर्धांचा मोसम पावसाळ्यात सुरू होतो. स्पर्धेच्या मांडवात प्रमुख पाहुण्यांसाठी जी खुर्ची न चुकता मांडली जाते, तिच्या शेजारी डॉक्टरसाठी आणखी एक मांडावयास मंडपवाल्याची हरकत नसावी.